जुनी मोटरसायकल घेतलीत? आधी ब्रेक, मग इंजिन

जुनी मोटरसायकल घरी आली की बहुतेक जण टाकीला रंग देतात आणि इंजिन उघडायची घाई करतात. माझं मत उलट आहे. पहिला पैसा आणि पहिला मोकळा रविवार ब्रेक, टायर आणि हँडलच्या बेअरिंगसाठी राखून ठेवावा. इंजिन ओढत नसेल तर पोचायला उशीर होईल, एवढंच. ब्रेक लागला नाही, तर उशिराचा प्रश्नच उरत नाही. गॅरेजमध्ये येणाऱ्या जुन्या गाड्या पाहिल्या की हा क्रम किती लोक उलटा लावतात ते दिसतं: आरसा चकचकीत, सीट कव्हर नवं, आणि मागचा ब्रेक पाय पूर्ण खाली गेल्याशिवाय धरत नाही.

हा लेख मुख्यतः शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्यांबद्दल आहे. 1985 साली आलेली हिरो होंडा सीडी 100, 1994 साली आलेली स्प्लेंडर आणि त्यांच्या पाठोपाठच्या इतर कंपन्यांच्या गाड्या अजूनही गावोगावी दूध, भाजी आणि माणसं वाहताहेत. हिरो होंडांचं 97.2 सीसीचं आडवं इंजिन घरी शिकणाऱ्यासाठी फार सोयीचं आहे. हवेवर थंड होतं, कार्बोरेटर साधा आहे, आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. आरएक्स 100 सारख्या दोन-स्ट्रोक गाडीला ऑइलची आणि सायलेन्सरच्या काजळीची वेगळी काळजी लागते. बाकीचं बरंचसं तिलाही लागू पडतं.

पाना हातात घेण्याआधी तुमच्या मॉडेलची मालकाची पुस्तिका मिळवा. विकणाऱ्याकडे नसेल तर जुन्या मेकॅनिककडे विचारा. टॅपेटचा गॅप, प्लगचा गॅप, ऑइलचा ग्रेड, हवेचा दाब हे आकडे मॉडेल आणि साल बदललं की बदलतात. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

अवजारं थोडीच लागतात. 8, 10, 12, 14, 17 आणि 19 नंबरचे रिंग पाने, गाडीला बसणारा प्लग पाना, पक्कड, फीलर गेज आणि हवा मोजायचा छोटा गेज. फिक्स पाना बोल्टचे कोपरे खातो, म्हणून जिथे शिरेल तिथे रिंग पानाच वापरा. इंजिनच्या बाजूच्या झाकणांना आणि कार्बोरेटरला फुलीचे स्क्रू असतात. त्यांची खाच जपानी घडणीची असते. साधा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात खोल बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि फुली गोल होते. तिथे बरोबर टोकाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि अडलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं आहे. त्यातले आटे गेले तर पन्नास रुपयांचं काम लेथवाल्याकडे जातं. कुठलाही बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवून बसवायचा, मगच पाना लावायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आता ब्रेक. या गाड्यांना दोन्ही चाकांना बहुधा ड्रम ब्रेक असतात. ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि ब्रेक प्लेटवरच्या दांड्याजवळचा बाण बघा. बाण प्लेटवरच्या खुणेपर्यंत गेला असेल तर लायनर संपले. अशा वेळी नट आवळून काही दिवस चालवता येतं, पण चालवू नका. चाक काढा आणि शू बदला. चाक काढलंच आहे तर ड्रमच्या आतून बोट फिरवा. खोल चर जाणवले तर ड्रम लेथवर साफ करून घ्यावा लागेल. शू उघडणारा कॅम बाहेर काढून पुसा, त्याच्या दांड्याला अगदी थोडं ग्रीस लावा. जास्त लावलं तर ते वितळून लायनरवर उतरतं आणि ब्रेक घसरतो. ड्रममधली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

चाक बाहेर असतानाच बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली किंवा अडखळलं तर बेअरिंग बदला, किंमत फार नसते. मागच्या हबमध्ये रबराचे ठोकळे असतात. ते झिजले की गिअर टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना मागून धक्का बसतो. लोक याला गिअरबॉक्सचा दोष समजून हजारोंच्या कामाला तयार होतात. आधी हे रबर बघा.

सगळं बसवल्यावर मागच्या पेडलला दोन-तीन सेंटिमीटर आणि पुढच्या लिव्हरच्या टोकाला एक-दोन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवा. मग गाडी मेन स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा. घासत असेल तर ब्रेक जास्त आवळला गेलाय. ब्रेक लाइट वेळेवर लागतो का, हेही तिथेच बघून घ्या. नवे शू बसले की पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर हळू मारा, कारण ते ड्रमशी जुळेपर्यंत पूर्ण धरत नाहीत.

टायरचे खोबे दिसताहेत म्हणून टायर चांगला, असं समजू नका. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. अंगणात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर न झिजताही म्हातारा होतो. भिंतीवर बारीक चिरा दिसल्या तर तो टायर पावसाळ्यात विश्वासाचा नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. मागे माणूस बसणार असेल तेव्हाचा मागच्या टायरचा दाब वेगळा आणि जास्त असतो. पुस्तिकेत दोन्ही आकडे असतात.

हँडल तपासायचं तर गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. मग हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे हळूहळू न्या. मधोमध कुठे खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. नंतर चाक जमिनीवर टेकवा, पुढचा ब्रेक दाबा आणि गाडी पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टक् असा आवाज आला तर तिथे ढिलाई आहे. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं आणि ते डुललं, तर स्विंग आर्मचे बुश झिजलेत. वळणावर गाडी शेपूट हलवते अशी तक्रार असते, तिचं कारण बरेचदा हे बुश असतात.

हे सगळं झालं की इंजिनकडे वळा, आणि तिथेही पहिलं काम ऑइल. विकणारा काहीही सांगो, घेतल्याबरोबर ऑइल बदलाच. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून इंजिन गरम करा, म्हणजे तळाशी बसलेली घाण ऑइलबरोबर बाहेर येते. खाली पसरट भांडं ठेवा, तळाचा बोल्ट सोडा आणि ऑइल पूर्ण निथळू द्या. बाहेर आलेलं ऑइल उजेडात बोटावर घेऊन बघा. काळं असणं स्वाभाविक आहे. चमचमणारे बारीक कण दिसले तर आत काहीतरी झिजतंय. पांढरट, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पुरात किंवा ओढ्यात गाडी बुडाली होती का, हे विकणाऱ्याला विचारा.

या इंजिनात एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना पुरतं. क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. म्हणून कारचं उरलेलं ऑइल इथे घालू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असलेलं, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं मोटरसायकलचं ऑइल घ्या. एक लिटरपेक्षा थोडं कमीच बसतं, तेव्हा अख्खा डबा रिकामा करायचा मोह टाळा. पातळी गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून बघा. बहुतेक मॉडेलमध्ये ऑइलकाडी पुसून नुसती आत टेकवायची असते, आटे फिरवून मोजली तर आकडा चुकतो.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. या जुन्या हिरो होंडांना कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. आत एक जाळी असते, आणि क्रँकच्या टोकाला फिरणारा एक वाटोळा फिल्टर असतो, ज्याच्या आतल्या भिंतीला फिरण्याच्या जोराने घाण चिकटत राहते. ऑइल कितीही वेळा बदला, ही घाण तिथेच राहते. क्लच उघडायची वेळ येईल तेव्हा मेकॅनिकला तो फिल्टर आणि जाळी धुवायला आवर्जून सांगा. वर्षानुवर्षं जे इंजिन उघडलेलंच नाही, त्यात तिथे चिखलासारखा थर निघतो.

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? कंपनीचा आकडा चांगल्या स्थितीतल्या गाडीसाठी असतो. जुन्या गाडीला मी दोन ते अडीच हजार किलोमीटरला बदलावं असं सांगेन, आणि मधे दर आठवड्याला काडी बघावी. जुनं इंजिन थोडं ऑइल पितंच. ते संपल्याचं कळायला कुठलाही दिवा लागत नाही; सरळ इंजिन जाम होतं. काढलेलं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते गोळा होऊन जातं.

चेनकडे लोक फार दुर्लक्ष करतात, कारण ती डब्यात झाकलेली असते. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून ढील मोजा. साधारण अडीच सेंटिमीटर असावी, नेमका आकडा पुस्तिकेतला घ्या. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. चाक फिरवत तीन-चार जागी बघा आणि जिथे चेन सगळ्यात ताठ आहे तिथला आकडा धरा. आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन आवळली की मागचा ब्रेकही बदलतो, तो पुन्हा जुळवा. चेन रॉकेलने धुवा, कोरडी करा, 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. एक ताकीद: चेनला तेल लावताना इंजिन चालू करून चाक फिरवायचं नाही. बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे जायला निमिष लागत नाही. हाताने फिरवा, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर ताणली जाते. लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला असलं पाहिजे.

गाडी सुरू होत नाही तेव्हा काय करायचं, यासाठी जरा जास्त जागा देतो, कारण इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. किक मारून दमल्यावर माणूस कार्बोरेटर उघडतो, मग कॉइल बदलतो, मग सीडीआय. तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि दाब. त्या क्रमाने तपासा आणि कारण सापडेपर्यंत एकही भाग बदलू नका.

आधी चावी, स्विच, पेट्रोलचा कॉक. मग कार्बोरेटरच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करा, नळीतून येणारं पेट्रोल बाटलीत घ्या. धार सलग आली तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत रस्ता मोकळा. थेंब थेंब आलं तर कॉकची जाळी तुंबलीय किंवा टाकीत गंज आहे. गाडी काही किलोमीटर नीट चालून बंद पडते आणि थोडं थांबल्यावर परत सुरू होते, असं असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत जाण्याचं भोक बंद झालं की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडताच सुरू झाली तर रोग सापडला, तोही फुकटात.

पेट्रोल येतंय तर प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल आत जातंय, जळत नाहीये. प्लग पुसून कॅपमध्ये घाला, त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या पात्यांना टेकवा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. प्लगच्या भोकापासून तो लांब धरा, रबरी मुठीच्या पकडीने धरा, आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, अशक्त असेल तर आधी नवा प्लग, मग कॅप, मग तारांचे जोड. या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच जणींचं इग्निशन थेट अल्टरनेटरवर चालतं, म्हणून बॅटरी उतरली तरी किकने सुरू होतात. तेव्हा सुरू होत नाही म्हणून बॅटरी बदलण्याआधी तुमच्या गाडीची रचना कशी आहे ते जाणून घ्या.

प्लगचा रंग बरंच काही सांगतो. फिकट विटकरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे तुंबलेला एअर फिल्टर. पांढराफटक असेल तर हवा जास्त, इंजिन तापतंय. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला जोड हवा खात असेल. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. त्याच्या जोडीला सायलेन्सरचा धूर बघा. सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील, आणि ओढताना सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर. हे निदान घरी करता येतं. पुढचं काम घरी करायचं नसतं.

तिसरा, दाब. किक पायाने न मारता हाताने हळू दाबा. एका जागी ठाम विरोध जाणवला पाहिजे. सहज खाली गेली तर आत झीज आहे, किंवा टॅपेट आवळलेत.

महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून चिकटा झालेला असतो, आणि पायलट जेटचं सुईएवढं भोक बंद होतं. जेट तारेने कोरू नका. भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, दाबाच्या हवेने उडवा. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हळूच तळापर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा आणि परत तेवढाच उघडा.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच साखर कारखान्यांच्या उसाचा त्यात मोठा वाटा आहे. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, कडक होतात, गळू लागतात. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं. उपाय साधे आहेत. पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरच्या रिंगा नव्या, चांगल्या दर्जाच्या टाका, गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा, आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. कोकणात पावसाळ्यात हे न चुकता करा.

टॅपेटबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की टकटक बंद होईपर्यंत आवळायचे. थोडा आवाज करणारा टॅपेट चालतो. जास्त आवळलेला आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याची कड जळते आणि हेड उघडावं लागतं. गॅप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, म्हणून फीलर गेजशिवाय या कामाला हात लावू नका. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभं असलेलं हवं. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवा आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात याची खात्री करा. हलत नसतील तर एक फेरा आणखी फिरवा.

वायरिंगमध्ये निम्मे दोष गंजलेल्या जोडांचे आणि सैल अर्थिंगचे असतात. जोड सोडा, बारीक सॅंडपेपरने घासा, परत घट्ट लावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह काढायचं, आणि पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा हब, कार्बोरेटर आणि स्विचवर मारू नका. बंद खोलीत किंवा शटर लावून इंजिन चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळायच्या आत माणूस घेतो.

क्रँक, गिअरबॉक्स, बोअरिंग, चाकाचे आरे ओढून सरळ करणं, ही कामं चांगल्या मेकॅनिककडे आणि लेथवाल्याकडेच द्यावीत. पण देताना जुने भाग परत मागा आणि बोअर कितीचा केला ते विचारा. ओव्हरसाइज पिस्टन साधारण पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. शेवटच्या टप्प्याचा पिस्टन आधीच बसला असेल तर पुढच्या वेळी ब्लॉकच बदलावा लागेल, आणि हे गाडी घेतानाच कळलं तर भाव करता येतो. वाकलेली फोर्कची नळी ठोकून सरळ केलेली स्वीकारू नका, बदलूनच घ्या.

आणि कागद. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, कर्ज बाकी असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घ्या, फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी आपल्या नावावर करा, विमाही आपल्या नावावर वळवा. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, आणि नंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी घेण्याआधी आरसीवरची ती तारीख बघा. संपली असेल तर नूतनीकरणाचा खर्च विकणाऱ्याकडून भावात कापून घ्या.